काळी-पिवळी ‘पद्मिनी’ गेली; पण भारतात मोटार बनवण्याचा हट्ट धरणारे वालचंद हिराचंद कोण होते?

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदवली गेलेली ती शेवटची पद्मिनी. शहरात टॅक्सीला रस्त्यावर राहण्याची मुदत २० वर्षं. त्यामुळे शेवटची तारीखही आधीच ठरलेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवणं बंद झालं. त्याच्या दीडेक महिना आधी ‘बेस्ट’ची डिझेलवर चालणारी जुनी डबलडेकरही गेली होती. एकाच मोसमात मुंबईच्या रस्त्यावरची दोन ओळखीची चित्रं पुसली गेली.

तेव्हा सोशल मीडियावर आठवणींचा पूर आला. टपावरचं लोखंडी कॅरिअर, बाहेर डाव्या बाजूला बसवलेला मीटर, तो हातानं पाडल्यावर येणारा आवाज, सीटची स्प्रिंग, आणि दार जोरात लावलं की मागे वळून बघणारा ड्रायव्हर. सगळं खरं होतं. पण ही गाडी बनवणारी कंपनी कुणी काढली, आणि ती काढायला त्याला किती वर्षं झगडावं लागलं, याचा उल्लेख फारसा कुठे दिसला नाही. तो माणूस सोलापूरचा होता. त्यानं पद्मिनी कधी पाहिली नाही. ‘पद्मिनी’ हे नाव गाडीला मिळालं तेव्हा त्याला जाऊन २१ वर्षं झाली होती.

सोलापूरचा मुलगा रेल्वेच्या रुळांवर कसा आला?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं दिगंबर जैन, मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, पण व्यापारासाठी महाराष्ट्रात येऊन इथलंच झालेलं. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. वालचंद अगदी तान्हे असताना आई गेली. पुढे शिक्षणासाठी मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यात परतावं लागलं आणि त्यात मन रमेना.

इथे त्यांच्या आयुष्यात लक्ष्मणराव फाटक आले. फाटक हे रेल्वेतले कारकून. नोकरी सोडून ते ठेकेदारीत उतरले होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे घरचं भांडवल होतं आणि पत होती. फाटक-वालचंद या भागीदारीनं बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं आणि तिथून गाडी सुरू झाली. ज्या घरात पैसा व्याजानं लावायचा असतो तिथल्या मुलानं तो माती, खडी आणि मजुरांच्या हजेरीत घालायचा, हे त्या काळी साधं पाऊल नव्हतं.

पहिल्या महायुद्धात लष्कराची बांधकामं मिळाली. हे सांगायलाच हवं, कारण वालचंदांना नुसते स्वदेशीचे शिलेदार म्हणून रंगवलं जातं. ते इंग्रज सरकारशी आयुष्यभर भांडले आणि त्याच सरकारची कामं घेऊन मोठे झाले. दोन्ही गोष्टी एकाच माणसानं, एकाच वेळी केल्या. पुढे टाटांबरोबरच्या बांधकाम कंपनीतून बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला तानसाचं पाणी आणणाऱ्या जलवाहिनीचं काम झालं. १९२६ मध्ये उभी राहिलेली त्यांची कंपनी आज हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन, म्हणजे एचसीसी, या नावानं ओळखली जाते. वांद्रे-वरळी सी लिंक याच कंपनीनं बांधला. २००९ मध्ये तो खुला झाल्यावर त्यावरून पद्मिनी टॅक्सी धावायची तेव्हा एकाच माणसानं सुरू केलेल्या दोन कंपन्यांची कामं एकमेकांवरून जात होती. हे कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

जहाजाची गोष्ट मध्येच का येते?

कारण मोटारीचं भांडण समजायचं तर आधी आगबोटीचं समजावं लागतं.

१९१९ मध्ये वालचंदांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासह एक जुनं जहाज घेतलं. मूळचं ते कॅनडाच्या कंपनीचं प्रवासी जहाज होतं, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरण्यासाठी घेतलं आणि त्याला ‘लॉयल्टी’ हे नाव दिलं. महाराजांकडून जहाज आलं म्हणून कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. देशात दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, तो याच प्रवासामुळे.

जहाज फार काळ टिकलं नाही. १९२३ मध्ये ते भंगारात गेलं. पण खरा धडा वेगळा होता. हिंदी किनाऱ्यावरची वाहतूक तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हातात होती. नवी कंपनी आली की त्यांनी मालाचे भाडेदर इतके खाली आणायचे की नव्या कंपनीचं दिवाळं निघावं. मग दर पुन्हा वर. सिंदियानं तग धरला, पण १९२३ मध्ये करारावर सही करावी लागली. किनाऱ्यावर माल वाहा, परदेशी मार्गांकडे आणि प्रवासी वाहतुकीकडे बघू नका, असा त्याचा अर्थ होता. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले आणि हे कुंपण मोडायच्या मागे लागले.

इथून त्यांनी एक गोष्ट पक्की केली असावी. दुसऱ्याकडून जहाज विकत घेऊन चालवणारा शेवटी दुसऱ्याच्याच मर्जीवर राहतो. जहाज स्वतः बांधलं पाहिजे. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी गोदीची कोनशिला बसली, ती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. तिथे बांधलेलं पहिलं मोठं जहाज ‘जलउषा’ मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं.

मोटार बनवायला सरकारचा विरोध का होता?

इथे थोडं तांत्रिक. १९२८ पासून जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत होता. त्यापाठोपाठ फोर्डही आली. मग भारतात मोटारी बनत नव्हत्या असं कसं म्हणायचं?

तर, बनत नव्हत्या. जोडल्या जात होत्या. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पत्र्याची बॉडी असं सगळं खोक्यांत भरून बोटीनं यायचं आणि इथे बोल्ट आवळले जायचे. आम्ही मेकॅनिकलला असताना वर्कशॉपमध्ये एक जुनं इंजिन खोलून पुन्हा जोडायला लावायचे. दुपारभरात ते जमायचंही. पण तसं इंजिन ओतायचं म्हटलं तर भट्टी लागते, साचे लागतात, गिअर कापायची यंत्रं लागतात, ठरावीक दर्जाचं पोलाद लागतं आणि हे सगळं पुरवणारे शेकडो लहान कारखाने आजूबाजूला लागतात. जोडणीतून मजुरी मिळते, बनवण्यातून उद्योग उभा राहतो. वालचंदांचं म्हणणं एवढंच होतं की दुसरं हवं.

हा विचार त्यांच्या एकट्याचा नव्हता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना घेऊन फिरत होते. युरोप-अमेरिकेतले कारखाने त्यांनी स्वतः पाहिले होते. वालचंद या योजनेच्या मागे भांडवलाचा आणि धडपडीचा माणूस म्हणून उभे राहिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, त्याचीही सहानुभूती होती. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. क्रायस्लर तयार झाली.

तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबईतला आधार गेला. म्हैसूर संस्थानात कारखाना काढायचा विचार झाला, तिथे दिल्लीहून खोडा घातला गेला. मोटार कारखाना हा युद्धकार्याचा भाग नाही, म्हणून त्यासाठी परकीय चलन नाही आणि यंत्रं आणायला बोटीत जागा नाही, अशी भूमिका सरकारनं घेतली. हे तेव्हाचं, जेव्हा लष्कराला ट्रकची भूक होती आणि ते ट्रक समुद्रापलीकडून येत होते. युद्धानंतर ब्रिटिश कंपन्यांना इथली बाजारपेठ हवी होती, हे कारण कागदावर कुठे लिहिलेलं नसलं तरी वालचंदांना त्यावर काडीचाही संशय नव्हता. सिंदियाच्या वेळी त्यांनी हाच खेळ पाहिला होता.

आणि विमान?

मोटारीसाठी केलेल्या अमेरिकेच्या त्याच फेरीतून परतताना, पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. वालचंद मोटारीचा कारखाना मागत परत आले आणि सोबत विमानाच्या कारखान्याचा प्रस्तावही घेऊन आले. आधी त्यालाही नकार मिळाला. मग १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि दिल्लीला एकाएकी हिंदुस्थानात विमानं हवीशी वाटू लागली. म्हैसूर संस्थानानं जमीन आणि भांडवल दिलं. २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंद झाली. आजची एचएएल ती हीच. सहा-सात महिन्यांत पहिलं विमान तयार झालं. तेही अर्थात अमेरिकेहून आलेल्या भागांचं, म्हणजे जोडणीच. पण सुरुवात झाली. एप्रिल १९४२ मध्ये, जपान दाराशी येऊन ठेपल्यावर, सरकारनं मोबदला देऊन वालचंदांचा हिस्सा घेतला आणि ते त्यातून बाहेर पडले.

म्हणजे विमान आधी उडालं आणि मोटार मागेच राहिली. मला या सगळ्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत विचित्र वाटते.

मग फियाट कुठून आली?

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची. तोवर बिर्लांनी हिंदुस्तान मोटर्स काढली होती, तीच पुढे अँबेसेडर बनवणारी कंपनी. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला आणि १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पण त्या फियाट नव्हत्या. क्रायस्लरशी करार होता, म्हणून डॉज, प्लायमाउथ, डिसोटो असल्या लांबलचक अमेरिकी मोटारी आणि डॉज-फार्गोचे ट्रक. मोटारी देखण्या होत्या, पण पेट्रोल पिणाऱ्या. नव्या, गरीब देशात त्या घेणार किती जण?

म्हणून लहान गाडीचा शोध सुरू झाला आणि तो इटलीच्या फियाटपाशी थांबला. १९५१ मध्ये चिमुकली फियाट ५०० कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. तोवर वालचंद कारभारातून बाजूला झाले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. धाकटे बंधू लालचंद आणि इतर भावांनी कंपन्या वाटून सांभाळल्या. वालचंदांना मागे मूल नव्हतं. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. वय सत्तर.

नेमक्या त्याच वर्षी सरकारनं ठरवलं की इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या, नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. १९३० च्या दशकापासून वालचंद जे मागत होते ते अगदी तसंच्या तसं झालं, आणि ते पाहायला ते नव्हते.

१९५४ मध्ये फियाट ११०० आली. गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी. तिला मुंबईकरांनी लगेच ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. १९६४ मध्ये चौकोनी तोंडाची ११०० डिलाइट आली आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. कारणं समजण्यासारखी आहेत. अँबेसेडरपेक्षा लहान, गल्लीत वळणारी, कारखाना शहरातच म्हणून सुटे भाग हाताशी. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असल्यानं पुढची सीट सलग, म्हणजे ड्रायव्हरशेजारी गिअरची अडचण न होता बसता यायचं. १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन. गाडी मागच्या चाकांवर चालणारी. कुठल्याही कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला डोळे मिटून खोलता येईल अशी रचना. १९७२ मध्ये फियाटचं नाव जाऊन ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’. तरी लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

गाडी तीच राहिली, यात चूक कुणाची?

हा भाग थोडा अवघड आहे. ११०० डिलाइट ते २००१ च्या सुमारास कारखान्यातून निघालेली शेवटची पद्मिनी, या जवळपास चार दशकांत गाडी मुळात बदलली नाही. दिवे, जाळी, डॅशबोर्ड, सीटची कापडं बदलली. इटलीत फियाटनं ते मॉडेल १९६० चं दशक संपता संपता बंद केलं होतं. इथे मात्र तीच गाडी घेण्यासाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहत होते. लायसन्स राजमध्ये किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं, स्पर्धा नावाला होती, आणि सगळा माल आपोआप खपत असताना नवं इंजिन बनवण्याचा खर्च कोण करणार? १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि हिशेब बदलला. प्रीमियरनं नव्वदच्या दशकात प्यूजो आणि पुन्हा फियाटशी संगत करून पाहिली, पण वेळ गेली होती.

वालचंदांचे टीकाकार म्हणतील की संरक्षण मागितलं की असंच होतं. मला ते अर्धवट वाटतं. त्यांनी संरक्षण मागितलं ते इंजिन इथे ओतता यावं म्हणून. ते ओतलंही गेलं. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले त्यात प्रीमियरच्या मागणीचा वाटा होता. पण संरक्षण कधी काढायचं हे ठरवलंच नाही, आणि त्याचं खापर ज्यांनी पुढची तीस वर्षं निर्णय घेतले त्यांच्यावर फोडायला हवं, दिल्लीत आणि कुर्ल्यातही. स्वतः वालचंद एका धंद्यात दहा वर्षं स्वस्थ बसल्याचं उदाहरण सापडत नाही. रेल्वे, बोगदे, ह्यूम पाइप, जहाज, साखर, विमान, मोटार. ते असते तर तीच गाडी त्यांनी तेव्हाही चालू ठेवली असती का, यावर पैज लावायला मी तयार नाही, पण लावलीच तर ‘नाही’वर लावेन.

आज काय उरलं आहे?

साखरेचं सगळ्यांना माहीत असतं. इंदापूर तालुक्यातल्या माळावर १९३० च्या दशकात उभं राहिलेलं वालचंदनगर तिथेच आहे आणि तिथला यंत्रांचा कारखाना इस्रोच्या रॉकेटसाठीही भाग बनवतो. मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनी खाल्ल्या. ‘पान पसंद’सारखे ते ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सनं घेतले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स ही १९२७ मधली त्यांचीच स्थापना. सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला १९५० च्या दशकात त्यांचं नाव मिळालं. तिथून शिकून आलेले माझे दोन मित्र आज पुण्यात मोटार कंपन्यांत आहेत, आणि वालचंद म्हणजे कोण, असं विचारल्यावर दोघांनीही आधी कॉलेजचा वर्षारंभाचा कार्यक्रम आठवला, मग साखर. मोटार कुणालाच आठवली नाही.

कुर्ल्यात कारखान्याच्या जागी आता इमारती आणि दुकानं आहेत. रस्त्याचं नाव मात्र प्रीमियर रोड. टॅक्सी संघटनेनं एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी केली होती. खासगी नोंदणीच्या पद्मिनी अजून आहेत, हौशी मालक रविवारी त्या बाहेर काढतात, आणि कार्ब्युरेटरची किट शोधत जुन्या बाजारात हिंडतात.

फोर्टात, बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला वालचंद हिराचंद मार्ग आहे. त्या रस्त्याला दिवसभर काळ्या-पिवळ्या उभ्या असतात, आता बहुतेक सगळ्या मारुती आणि ह्युंदाईच्या.